क्योतोत साके कुठे प्यावी, कुठे शिकावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत चार दिवस क्योतोला जातोय. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, नुसती प्यायची नाही, नीट समजून घ्यायची आहे.

मागच्या खेपेला एका छोट्या दुकानात मालकाने दोन पेले पुढे ठेवले. तीच साके, एक थंड, एक कोमट. थंड साकेला पिकल्या पेरूसारखा वास, कोमटला चक्क वाफाळत्या भाताचा! तो भरभरून सांगत होता, पण जपानी येत नसल्याने मला फक्त 'कोजी' एवढाच शब्द कळला. ती तांदळावर वाढवलेली बुरशी, तिच्यामुळे पिष्टाची साखर होते, हे घरी येऊन वाचलं. तांदूळ घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरला की त्या उंची साकेला दाईगिंजो म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. आपल्याकडे तांदूळ सडतात ते आठवलं, पण निम्मा दाणा काढून टाकायचा म्हणजे कमालच.

यंदा एक अख्खा दिवस फुशिमीला, म्हणजे क्योतोतल्या साके भट्ट्यांच्या भागाला, देणार आहे. १६३७ पासूनच्या गेक्केइकान या साके कंपनीचं संग्रहालय बघायचं, गोकोनोमिया देवळातल्या झऱ्याचं पाणी चाखायचं, हे नक्की. त्यापुढे अडलंय.

फुशिमीत इंग्रजीतून समजावत चाखायला देणारी जागा कुणी अनुभवली आहे का? हिवाळा हा साके गाळायचा हंगाम, तर चालू काम बघू देणारी एखादी लहान भट्टी आहे का? आणि बायको शाकाहारी आहे. साकेबरोबर माशाच्या अर्काशिवाय काय मिळेल, तेही कृपया सांगा.