उ. सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ आवाज
तुमच्या बाइकचा सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो, इंजिन फिरत नाही, पण हेडलाइट लागतो. हेडलाइट लागतो म्हणजे बॅटरी चांगली, हे वर दोघांनी लिहिलंय ते पटलं नाही. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात. सेल्फ मोटर त्याच्या कितीतरी पट खेचते. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) बॅटरीच्या टर्मिनलांवर लावून सेल्फ मारा. आधी १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी त्या क्षणी ९.५ च्या खाली गेली, तर दोष बहुधा तिचाच.

व्होल्टेज टिकलं तरी मोटर फिरत नसेल, तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतची जोडणी, बघा. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि पुन्हा सेल्फ. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की केबल किंवा नटबोल्ट गंजलाय. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं, आणि मी आधी रिले (सेल्फ मोटरला करंट जोडणारा स्विच) बदलून बसलो होतो!

‘टक्’ येतोय म्हणजे रिलेच्या कॉइलपर्यंत करंट पोचतोय, त्यामुळे तो करंट अडवू शकणारे क्लच आणि साइड स्टँडचे स्विच यांच्या मागे सध्या लागू नका. स्पार्क प्लग तर अजिबात खोलू नका, इंजिन फिरतच नाहीये तर स्पार्कचा प्रश्न येतो कुठे? दोन्ही रीडिंग इथे टाका, मग मोटरच्या ब्रशकडे (आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) वळू.