थंडीत टॅरांटुला आणि विंचवाला ऊब कशी द्यायची? (वाळपय, गोवा, पहाटे १८ डिग्री)

अष्टपाद_वाळपय:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन जीव आहेत, एक चिलियन रोज टॅरांटुला (मोठा केसाळ कोळी) आणि एक एम्परर विंचू. घर जुनं चिऱ्याचं, वर कौलं आणि खाली लाद्या, त्यामुळे जानेवारीत पहाटे खोलीत नुसता गारठा, काल साडेपाचला उठून बघितलं तर थर्मामीटर १८ वर. पणजीवाले हसतील पण आमच्या सत्तरी तालुक्यात धुकं उतरतं तेव्हा खरंच गोधडी लागते. टॅरांटुलाने तीन आठवडे काही खाल्लं नाहीये, रातकिडा समोरून गेला तरी ढिम्म, आणि विंचू तर डब्यातल्या झाडाच्या सालीखाली बसलाय तो बाहेरच येत नाही. हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) मागवलीय, दोन्ही डब्यांच्या खाली घालून रात्रभर चालू ठेवू का? आई म्हणते बल्ब लाव, कोंबडीच्या पिल्लांना लावतात तसा 😄 तिला मुळात हे दोघं घरात नकोच आहेत ते वेगळं.

विंचवाचं_बिऱ्हाड:
थांब रे, मॅट खाली घालू नको!! हे जीव उकडायला लागलं की खाली उकरत जातात, कारण बाहेर ऊन वरून येतं आणि बिळात खोल गेलं की गार मिळतं. तू तळच तापवलास तर तो बिचारा गारव्यासाठी खाली जाणार आणि तिथेच भाजणार. माझी पहिली टॅरांटुला मी अशीच घालवली, सकाळी बघतो तर तळाशी पाय पोटाखाली मुडपून पडलेली, वरची माती गार आणि खाली बोट घातलं तर चांगली गरम, आणि मी शहाणा थर्मामीटर वर चिकटवून सगळं ठीक आहे समजत होतो. लावायचीच तर डब्याच्या एका बाजूला बाहेरून, मातीच्या पातळीच्या वर, आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र) नसेल तर अजिबात नको. दुसरी बाजू गार राहू दे, त्याला पाहिजे तिथे तो जाऊन बसेल.

पण खरं सांगू, चिलियन रोजला यातलं काहीच लागत नाही. चिलीतल्या कोरड्या झुडपी भागातली ती, तिथल्या रात्री तुझ्या वाळपयपेक्षा गार. आणि उपास करण्यात या जातीचा हात कोणी धरणार नाही, महिनोन्महिने खात नाहीत. पोट गुबगुबीत आहे ना, वाटीत पाणी आहे ना, मग सोड तिला. फक्त न खाल्लेला रातकिडा आत ठेवू नको, ती कात टाकत असली तर तोच तिला कुरतडतो. आणि उताणी पडलेली दिसली तर मेली म्हणून हलवू नको, कात टाकताना तशाच पडतात.

कौलारू:
वरच्याशी सहमत, पण विंचवाचं वेगळं आहे. एम्परर पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगोकडच्या दमट जंगलातला, त्याला २५ ते २९ डिग्री लागतं आणि ओलावाही. बल्बने हवा सुकते, म्हणून नको. मी मासळीवाल्याकडून थर्माकोलचा बॉक्स आणला, धुऊन दोन दिवस उन्हात टाकला (वास राहिला तर मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की संपलं), त्यात विंचवाचा डबा आणि बाजूला गरम पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून, झाकण थोडं तिरकं. पहाटेपर्यंत बरी ऊब राहते आणि लाईट गेली तरी फरक पडत नाही. तेवढ्याने जमलं नाही तर मग मॅट. बॉक्स लादीवर ठेवू नको, कपाटावर ठेव. डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चांगलं जाड घाल आणि पाणी कोपऱ्यातून ओत, म्हणजे खालचा थर ओला राहतो, वर बुरशी येत नाही.

आईला सांग, एम्परर चावला तर साधारण मधमाशी चावल्यासारखं. आपल्याकडचा चिऱ्यांच्या ढिगातला तांबडा विंचू वेगळा, तो चावला तर घरगुती उपाय करत न बसता सरळ हॉस्पिटल.

मांडवीकाठ:
सगळे थंडीवर बोलताय, त्या खोलीत डासांची लिक्विड मशीन लावतोस का ते आधी सांग. त्यातलं औषध किड्यांसाठीच असतं आणि कोळ्या-विंचवांनाही मारतं. खिडक्या बंद, आत मशीन चालू, म्हणजे थंडीपेक्षा ते जास्त वाईट. दुसरं, एम्परर सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम, त्यामुळे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. केलीयस का?

अष्टपाद_वाळपय:
बाप रे, मशीन त्याच खोलीत होती, कालच काढली, आता मच्छरदाणी. थर्माकोलचा बॉक्स मिळाला, पहाटे आतलं तापमान २४, मॅट अजून पाकिटातच आहे. रात्री अकराला विंचू सालीबाहेर आला, यूव्ही (अतिनील) टॉर्च मारला तर अख्खा हिरवा चमकत होता, आई दारातूनच बघून गेली. टॅरांटुला अजून उपाशीच. नोंदणी केलेली नाही, घेतल्याची पावती शोधतोय, कुठल्या ड्रॉवरमध्ये टाकलीय आठवत नाही.