तीन फुटी फिश टँक: घरी जोडायचा की तयार घ्यायचा?

काचकाम (ठाणे)
३६ × १८ × १८ इंची टँक घरी जोडणंच परवडतं, असं माझं ठाम मत. काच ८ मिमी, वरच्या काठाला आतून ५० मिमीच्या पट्ट्या. सगळं मिळून साधारण १९ चौरस फूट. फुटाला शंभर रुपये धरले (दर विचारून आपापला आकडा घाला) तर काच १,९००. मशीन पॉलिश, सिलिकॉनच्या दोन नळ्या, गन, सांध्याच्या कडेला लावायची मास्किंग टेप आणि टेम्पो यांचे १,५०० धरा. झाले ३,४००. तयार टँक यापेक्षा स्वस्त दिसला तर आधी काच किती मिमीची ते विचारा. ५ मिमीची ८ मिमीशी तुलना करून स्वस्त म्हणण्यात अर्थ नाही.

मापं: तळ आणि पुढची-मागची काच ९१४ × ४५७ मिमी. बाजूच्या दोन्ही काचा ४३९ × ४५७, कारण दोन काचांची जाडी १६ मिमी आणि दोन्ही सांध्यांत एकेक मिमी सिलिकॉन. त्या ४५७च्या कापल्या की पुढची काच तळाबाहेर लोंबते. टफन्ड काच नको, ती नंतर कापताही येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही.

सिलिकॉन अ‍ॅसिटॉक्सी, व्हिनेगरसारखा वास येतो ते. बाथरूमसाठीचं बुरशीनाशक घातलेलं चुकूनही नको, माशांना विषारी. कडा अ‍ॅसिटोनने पुसून घ्या आणि जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते बघा.

सेक्टर_सतरा (वाशी)
हिशोबात मजुरी कुठे आहे? आणि फसलं तर? जुन्या सुकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. एका कोपऱ्यातून पाणी झिरपलं तर वरून थापून भागत नाही, ब्लेडने सांधा कापून, सगळं खरवडून पुन्हा जोडावं लागतं. पावसाळ्यात तर अजून पंचाईत: हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावरच सुकतं, त्यामुळे जुलैत पाचेक मिनिटांत साय धरते. बोट फिरवून सांधा सारखा करायच्या आधीच साय आली की टेप काढताना सांध्याची कड फाटते. त्यात काठोकाठ नाही तरी १६५ लिटर पाणी. ते खालच्या मजल्याच्या पीओपीवर उतरलं की वाचवलेले पैसे कुठच्या कुठे!

काचकाम (ठाणे)
म्हणूनच एका वेळी एकच सांधा भरायचा आणि टेप लगेच ओढायची. मग सात दिवस हात लावायचा नाही. चाचणी बाल्कनीत नको, बाथरूममध्ये. तिथली फरशी मोरीकडे उतरती असते, म्हणून खाली १८ मिमी प्लाय, पाचर, पाणसळ लावून सपाटी, वर थर्माकोल. ४८ तास भरून ठेवा. गळलं तर मोरीत जाईल, शेजाऱ्याकडे नाही. मजुरी म्हणाल तर छंदाच्या तासांचे पैसे कोण लावतं?

खाडीकाठ (ऐरोली)
तास सोडा, पण पहिल्याच टँकला तीन फूट कशाला? दीड फुटीवर हात बसवा. मोठी टाकी तयार घ्या आणि फिल्टर घरी करा, कारण तो बिघडला तर पाणी गढूळ होईल, घर बुडणार नाही. २० मिमी पीव्हीसी पाइपच्या खालच्या भागाला भोकं पाडा, त्यावर जाड छिद्रांचा स्पंज चढवा, आत एअर पंपाच्या नळीला जोडलेला एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा. गादीचा फोम नको, छिद्रं बारीक असल्याने लवकर तुंबतो. स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात. नळाच्या क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

सेक्टर_सतरा (वाशी)
फिल्टरचं मान्य. स्टँडचं काय? काच, पाणी, वाळू मिळून सव्वादोनशे किलो, अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरून आखतात. खोलीच्या मधोमध ठेवू नका, बीमजवळ भिंतीला लावा.

काचकाम (ठाणे)
यात वाद नाही. २५ × २५ मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप वापरा, वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला कुणीही फॅब्रिकेटर करून देईल. रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मात्र पाइप कापून, वेल्ड झाल्यावर लावा, आधी नाही. खाडीजवळच्या हवेत गंज वेल्डपासूनच सुरू होतो.

खाडीकाठ (ऐरोली)
एअर पंप त्या स्टँडच्या खालच्या फळीवर ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. व्हॉल्व्हवरचा बाण टँककडे करा. उलटा बसवला तर हवाच जाणार नाही.