प्रतिसाद: पेव्हर ब्लॉकखाली काय आहे ते बघा
मूळ लेखात म्हटलंय की पार्किंगमध्ये डांबराऐवजी पेव्हर ब्लॉक बसवले की पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. खाली काँक्रीट ओतलं असेल तर कसलं मुरतंय! आमच्या सोसायटीत तेच झालंय. १००० चौरस मीटरवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५० हजार लिटर, दहा हजारी पाच टँकर.

अमेरिकेत पोर्टलंडच्या विज्ञान संग्रहालयाने विलामेट नदीकाठच्या पार्किंगमध्ये साधी युक्ती केली: गाड्यांच्या रांगांमधले झाडांचे पट्टे उंच न ठेवता खोलगट ठेवले, उतार त्यांच्याकडे दिला. पाणी आधी मातीत, उरलेलं पुढे.

आपल्याकडे झाडाभोवती वीतभर उंच कट्टा, वर गेरू-चुना. पाणी कट्ट्याला वळसा घालून गेटबाहेर, आणि दोन दिवस उघडीप पडली की माळीदादा पाईप घेऊन हजर.