बँक विलीन होतेय म्हणून पर्सनल लोन घाईने बंद करावं का?

कृष्णाकाठ, सांगली
मेहुण्याने विश्रामबागच्या ज्या बँकेतून पर्सनल लोन घेतलंय, ती दुसऱ्या बँकेत विलीन होतेय. घरात एकच धोशा: व्याज वाढणार, हप्ता वाढणार, सोनं मोड पण लोन संपव. माझं मत, अजिबात संपवू नये. विलीनीकरणात जुन्या बँकेची येणी-देणी आणि करार नव्या बँकेकडे जातात. फिक्स्ड दराचं लोन असेल तर दर, मुदत, हप्ता करारात लिहिलाय तोच. उलट मुदतीआधी फेडायला गेलात तर फोरक्लोजर चार्जचा भुर्दंड बसू शकतो. आपल्या भागाला हे नवं नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, १९१६ सालची आपली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. कर्जदारांचे करार काही कृष्णेत वाहून गेले नाहीत. कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा.

पोवईनाका
वेगळं आहे. करार तोच राहतो हो, पण हप्ता खात्यातून जातो आणि घोळ तिथंच होतो. माझं लोन एका बँकेत, पगार दुसऱ्या बँकेत. लोनवाली बँक विलीन झाली, लोन खात्याचा नंबर बदलला, ऑटो-डेबिटचा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, नव्याने द्यायचा होता. मेसेज गेला कधीच बंद पडलेल्या मोबाईल नंबरवर. हप्ता बाउन्स, दोन्हीकडून दंड. शाखेत विचारलं तर "सिस्टीम मायग्रेशन चालू आहे, चार दिवसांनी या". आणि हे लगेच होतं असंही नाही. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, त्यांचे जुने आयएफएससी (शाखांचे कोड) बंद झाले १ मार्च २०२१ पासून. लोक विसरून गेल्यावर दणका. माझं ऐकाल तर पैसे हातात असतील तर मोकळं व्हा.

कृष्णाकाठ, सांगली
मँडेट बदलायला अर्धा तास लागतो, त्यासाठी सोनं मोडायचं? बँकेच्या घोळाने दंड लागला असेल तर लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट.

पोवईनाका
तोवर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडतो त्याचं काय? लोकपाल स्कोअर भरून देतो का?

हळदवाला
तुम्ही दोघं नोकरदार आहात म्हणून हप्त्यावरच बोलताय. आम्हा व्यापाऱ्यांचं दुखणं निराळं. मार्केट यार्डातले बरेच जण मुद्दाम ठेव एका बँकेत आणि कर्ज दुसऱ्या बँकेत ठेवतात. सीझन पडला, हप्ते थकले तरी ठेवीला हात लागू नये म्हणून. त्या दोन बँका एक झाल्या की ठेव आणि कर्ज एकाच दारात. थकबाकी झाली तर करारातल्या अटीप्रमाणे बँक ठेवीतून रक्कम वळती करू शकते. विलीनीकरणाच्या बातमीत हे कुणी सांगत नाही. मी तरी ठेव आधीच हलवणार.

निवृत्त कॅशियर, मिरज
हळदवाले, नियमित फेडणाऱ्याला याची झळ नाही, हे पण लिहा की. आणि "जुनी बँक बरी, मॅनेजर ओळखीचा" म्हणणाऱ्यांसाठी: ओळख होती त्यांनाच ती बरी होती. ज्याला जामीनदार मिळत नव्हता तो तेव्हाही बाहेरच बसायचा. शिवाय विलीनीकरण झालं नसतं तर काय, याचाही विचार करा. युनायटेड वेस्टर्नवर २ सप्टेंबर २००६ ला मोरॅटोरियम (व्यवहारांवर निर्बंध) आला, महिन्याभरात आयडीबीआय मिळाली म्हणून निभावलं. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्दच झाला. तेव्हा काही कर्जदार खुशीत, बँक बुडाली म्हणजे कर्ज बुडालं! कर्ज बुडत नसतं राव, लिक्विडेटर, म्हणजे बंद बँक आवरायला नेमलेला माणूस, येऊन वसूल करतो.

विट्याची वहिनी
सगळे एका लोनवर बोलतायत की दोन वेगळ्या? फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, असेल तर हिशोब बदलतो. दर एमसीएलआरला (बँक स्वतः ठरवते त्या आधार दराला) जोडलेला असेल तर पुढच्या रिसेटला, म्हणजे दर नव्याने ठरताना, नव्या बँकेचा एमसीएलआर लागू शकतो, म्हणजे दर हलणार, वर किंवा खाली. पण वैयक्तिक कारणासाठीच्या फ्लोटिंग कर्जावर फोरक्लोजर चार्ज लावता येत नाही, तेव्हा बाहेर पडायला वाव आहे. मेहुण्यांना आधी सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) काढायला सांगा. आणि आजच्या तारखेचं लोन स्टेटमेंट जुन्या शाखेतून शिक्क्यासह घ्या. नंतर सिबिलमध्ये एकच लोन जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बँकांच्या नावावर चालू दिसलं, तर तोच कागद कामाला येतो. तक्रार करून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

पोवईनाका
वहिनी, १०० रुपये रोज मिळवायला पण अर्जच करायचा ना? परत त्याच शाखेत, त्याच "चार दिवसांनी या" वाल्या खिडकीवर.

विट्याची वहिनी
खिडकीवर कशाला, ऑनलाईन तक्रार टाका आणि नंबर जपून ठेवा.

कृष्णाकाठ, सांगली
सँक्शन लेटर सापडलं. फिक्स्ड आहे, फोरक्लोजर चार्ज ४ टक्के अधिक जीएसटी. पोवईनाका, आता बोला, मोकळं व्हायचं?

पोवईनाका
४ टक्के असेल तर नको. पण मेहुण्यांचा मोबाईल नंबर तेवढा बँकेत तपासा.