लाइट गेली की लॉग फाइल उडते: फॅटएफएस सोडून लिटलएफएस घेऊ का?

महापे_फर्मवेअर:
नमस्कार मंडळी. महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांसाठी टाकीची पातळी आणि पंप किती वेळ चालला हे नोंदवणारा बोर्ड केलाय. टँकर किती आले यावरची भांडणं सेक्रेटरी याच नोंदींवर मिटवतात, त्यामुळे एक दिवस गायब झाला तरी लगेच फोन येतो.

बोर्डावर एसटीएम३२, (मायक्रोकंट्रोलर), नोंदी साठवायला ८ एमबीची विनबाँड एसपीआय नॉर फ्लॅश चिप, वर फॅटएफएस (फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याचा हिशोब ठेवणारा कोड; लिटलएफएस तशीच दुसरी). दर मिनिटाला फाइल उघडून ३२ बाइट जोडतो आणि बंद करतो. ऑफिसात बेंचवर मस्त चाललं. साइटवर वॉचमन रात्री पंप बंद करताना पॅनलचा मेन स्विचच पाडतो. सकाळी कधी फाइल शून्य बाइटची, कधी माउंटच होत नाही. तीन बोर्ड परत आलेत. त्यातला एक अडीच महिने चाललेला, तो आता फॉरमॅटही घेत नाही. साहेब म्हणतात फ्लॅशचा लॉट खराब, नवीन मागव. लिटलएफएसने सुटेल का? लाइट गेल्यावर बोर्ड क्षणभर चालू राहावा म्हणून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, १००० करू?

वागळे_सोल्डर:
एसडी कार्ड टाक आणि मोकळा हो.

रबाळे_काका:
टाकीच्या खोलीत एसडीचा सॉकेट? एका पावसाळ्यात हिरवा पडेल. शिवाय लिहिताना लाइट गेली की स्वस्तातलं कार्ड आतल्या आत काय करेल, कुणाला पत्ता नसतो.

महापेकर, आधी साहेबांना थांबव. नॉरमध्ये लिहिताना बिट १ चा ० होतो, पण ० चा १ करायला अख्खा ४ केबीचा सेक्टर पुसावा लागतो. फॅटला वाटतं आपण ५१२ बाइट लिहितोय. तुझा ड्रायव्हर मात्र ४ केबी रॅममध्ये घेतो, सेक्टर पुसतो, मग परत लिहितो. पुसायला साधारण ४५ मिलिसेकंद, डेटाशीटप्रमाणे कमाल ४००. तेवढ्यात वॉचमनने स्विच पाडला की तिथे नुसते एफएफ, म्हणजे कोरी जागा. आणि तो सेक्टर डिरेक्टरीचा असेल तर फाइल गेलीच.

आता त्या अडीच महिन्यांचं. फाइल बंद करताना डिरेक्टरीतली नोंद दर वेळी त्याच जागी बदलते. दिवसाला १४४० वेळा. सेक्टरची हमी १ लाख वेळा पुसण्याची. भागाकार कर, ७० दिवसही होत नाहीत. चिपने बिचारीने शब्द पाळला.

लिटलएफएस जुनं तसंच ठेवून नव्या जागी लिहितं, त्यामुळे शेवटच्या सिंकपर्यंतचं (फ्लॅशवर पक्कं उतरवलेलं) शाबूत राहतं आणि झीजही पसरते. चालेल तुला. पण दर मिनिटाला सिंक करून पुढे जोडत गेलास, तर शेवटचा अर्धा भरलेला ब्लॉक दर वेळी नव्या जागी उतरवला जातो. ३२ बाइटसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

मी असं करेन: शेवटचे ६४ सेक्टर लिटलएफएसला, त्यात फक्त कॅलिब्रेशन आणि टाकीची मापं. उरलेल्या १९८४ सेक्टरांचा सरळ गोल लॉग, शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक नोंदीत अनुक्रमांक आणि सीआरसी (नोंद धड उतरली का ते तपासायचा आकडा). एका सेक्टरात १२८ नोंदी, म्हणजे १७६ दिवसांनी फेरा पूर्ण, तेव्हा कुठे तोच सेक्टर पुन्हा पुसला जाणार. पुढचा सेक्टर मात्र आधीच पुसून तयार ठेव.

कपॅसिटर वाढवू नकोस. ५ वरून ३.६ व्होल्टला येईपर्यंत ५० मिलिअँपिअर धरले तर ४७० वर १३ मिलिसेकंद मिळतात, १००० वर २८. पुसणं दोन्हीत बसत नाही. पेज, म्हणजे एका दमात लिहायचा छोटा तुकडा, लिहायला कमाल ३ मिलिसेकंद लागतात, ते ४७० वरही आरामात होतं.

महापे_फर्मवेअर:
काका, पुढचा सेक्टर पुसतानाच लाइट गेली तर?

रबाळे_काका:
बरोबर जागी बोट ठेवलंस. अर्धवट पुसलेला सेक्टर वाचताना सगळा एफएफ दिसू शकतो, पण त्यातले बिट डळमळीत असू शकतात. तो कोरा दिसतो म्हणून विश्वास ठेवू नकोस, बूट झाल्यावर पुढचा सेक्टर डोळे झाकून पुन्हा पूस. आणि बोर्डाच्या सप्लायला एक रिले लाव, कधीही अचानक सप्लाय तोडेल असा. रात्रभर टकटक चालू दे.

महापे_फर्मवेअर:
शुक्रवारी संध्याकाळी रिले लावून गेलो, सोमवारी सकाळी लॉग काढला. काही ठिकाणी शेवटची एक नोंद सीआरसीत नापास, बाकी सगळा क्रम सलग. साहेबांनी फ्लॅशचं नवीन रीळ तेवढ्यात मागवून टाकलंय, कुणाला हवं असेल तर सांगा.