मदत हवी आहे: २०१७ च्या मदरबोर्डचं बायोस अपडेट करायचंय, बोर्ड डेड होऊ नये म्हणून कायकाय बघू?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही म्हणून लिहितेय. मी लालबागला राहते, घरूनच डीटीपीची कामं करते, लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, अहवाल, जाहिरातींची पानं वगैरे. गणपती दोन महिन्यांवर आलेत, म्हणजे वर्षाची अर्धी कमाई आता होणार आणि ती सगळी या एका पीसीवर.

पीसी २०१७ च्या शेवटी असेंबल केलेला. एमएसआयचा बी३५०एम प्रो-व्हीडीएच बोर्ड, रायझन ३ १२०० प्रोसेसर (सीपीयू), ८ जीबी रॅम, जीटी ७१० ग्राफिक्स कार्ड, एसएसडी नंतर टाकून घेतली. बायोसला (बोर्डावरचं, पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आजवर कुणी हात लावलेला नाही, सुरू होताना तारीख २०१७ चीच दिसते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत रायझन १००० सिरीज नाहीच. दिराने नवीन पीसी घेतला, त्याचा जुना रायझन ५ ५६०० मला दिला, म्हणाला वहिनी हा तुमच्याच सॉकेटात बसतो, फक्त आधी बायोस अपडेट करून घ्या. "फक्त" म्हणाला खरा पण मला तिथेच धडकी भरलीय.

कारण माझ्या मावसभावाने असाच बोर्ड एका दुकानात अपडेटला दिला होता, तिथे त्यांनी दुसऱ्याच मॉडेलची फाइल टाकली, परत चालू झालाच नाही, आणि वर सांगितलं की बोर्ड आधीच खराब होता. त्यामुळे दुकानात द्यायची हिंमत होत नाही आणि स्वतः करायचं तर लाइटची भीती. गेल्या आठवड्यात पावसात आमच्याकडे दोनदा लाइट गेली. यूपीएस आहे ६०० व्हीएचा पण बॅटरी संपलीय, लाइट गेली की दोन मिनिटं टीं टीं करतो आणि सगळं बंद.

तर विचारायचं असं की हे घरी करण्यासारखं आहे का, विंडोजमधून करायचं की पेनड्राइव्हने, मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा गेला का, आणि बोर्डावर एमएस-७ए३८ असं छापलंय तर याच नंबरची फाइल शोधायची का? बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशचं (म्हणजे नव्याने लिहायचं) बटण वगैरे काही नाही, तपासलं.

प्रतिसाद १

ताई, माझं ऐकाल तर सीझन होईपर्यंत हात लावू नका. चालणारं मशीन आहे, विंडोज १० आज लगेच बंद पडत नाहीये. कामाचा पीसी आणि प्रयोगाचा पीसी एकच असला की असंच टेन्शन येतं. अनंत चतुर्दशी झाली की निवांत करा.

प्रतिसाद २

वरच्यांशी अर्धा सहमत. उगाच नवीन व्हर्जन दिसलं म्हणून बायोस अपडेट करू नये हे बरोबर, पण इथे कारण खरं आहे, २०१७ च्या बायोसवर ५६०० लावला तर स्क्रीनच येणार नाही. एएमडीने ३०० सिरीजच्या बोर्डांना ५००० सिरीजचा सपोर्ट २०२२ मध्ये दिला, म्हणजे तुम्हाला २०२२ किंवा त्यानंतरचं बायोसच लागणार.

नंबरचं फार बरं झालं विचारलंत, मावसभावाच्या बोर्डाचं बहुतेक तिथेच चुकलं असेल. एमएस-७ए३८ हा नंबर एकाच मॉडेलचा नाहीये, बी४५०च्या एका मॉडेलवरही तोच छापलेला असतो. बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं पूर्ण नाव घ्या, सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेनबोर्डच्या टॅबवर तेच नाव येतंय का बघा, आणि कंपनीच्या साइटवर त्याच नावाच्या पानावरून फाइल उतरवा, दुसरीकडून कुठूनही नाही. त्याच पानावर सीपीयू सपोर्टची लिस्ट असते, तिथे ५६०० समोर किमान कुठलं व्हर्जन हवं ते लिहिलेलं असतं. प्रत्येक व्हर्जनखालचं डिस्क्रिप्शन पण वाचा, काही बोर्डांवर आधी मधलं एक व्हर्जन टाकावं लागतं आणि काहींवर नवीन बायोस जुने सीपीयू ओळखतच नाही, कारण बायोसची चिप १६ एमबीची, त्यात सगळ्या पिढ्यांचा कोड मावत नाही. तुमच्या १२०० चा सपोर्ट नवीन व्हर्जनमध्ये आहे ना हे आधी बघा, नाहीतर अपडेट झाल्यावर जुन्या सीपीयूवर परत जाताच येणार नाही.

विंडोजमधून अजिबात नको. मध्येच विंडोज हँग झालं की संपलं. पेनड्राइव्ह ३२ जीबी किंवा त्याहून लहान, एफएटी३२ फॉरमॅट, झिप उघडून आतली फाइल नाव न बदलता बाहेरच ठेवायची, फोल्डरमध्ये नको. मग पीसी सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, तिथे एम-फ्लॅश (बायोस अपडेटचं टूल) आहे, ते मशीन रिस्टार्ट करून वेगळ्या स्क्रीनवर नेतं, फाइल निवडली की काही मिनिटांत होतं.

प्रतिसाद ३

मी लॅमिंग्टन रोडला बरीच वर्षं रिपेअरिंग केलंय म्हणून दोन गोष्टी मनापासून सांगतो.

ताई, अपडेट फसलं म्हणजे बोर्ड मेला असं नसतं. बायोस एका छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये असतं, ते चुकीचं लिहिलं गेलं तर बाहेरून प्रोग्रामर (चिपवर लिहायचं यंत्र) लावून परत लिहिता येतं. २६ एप्रिल १९९९ ला तो सीआयएच व्हायरस उठला होता, त्याने कितीतरी मशीनची बायोसच पुसून टाकली, तेव्हा चिप सॉकेटमध्ये असायची, आम्ही काढून दुसऱ्या चालू बोर्डावर बसवून लिहून द्यायचो. आता चिप सोल्डर केलेली असते पण क्लिप लावून काम होतं. भडकमकर मार्गावर, म्हणजे लॅमिंग्टन रोडलाच, आजही चिपलेव्हल काम करणारे बसतात, काही शे रुपयांत लिहून देतात. फक्त तो स्वस्तातला काळा सीएच३४१ए प्रोग्रामर घरी आणून क्लिप लावत बसू नका, त्याच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात आणि चिप ३.३ ची किंवा १.८ ची असते, चिपच जाते. चिपवरचा नंबर वाचल्याशिवाय कुणालाही लावू देऊ नका.

आणि लाइटचं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाइट गेली ते आठवतं का? माझ्या टेबलावर तेव्हा एका गिऱ्हाइकाचं मशीन फ्लॅशला लावलेलं होतं, निम्म्यावर आलेलं. दुकानाच्या यूपीएसने तारलं. आदल्याच महिन्यात बॅटरी बदलली होती म्हणून. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुतेक १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती तेवढी बदला, नवीन यूपीएस घ्यायची गरज नाही. बदलली की लगेच भरवसा ठेवू नका, रात्रभर चार्ज करा, मग पीसी बायोसच्या स्क्रीनवर ठेवून यूपीएसची पिन भिंतीतून काढा आणि घड्याळ लावून बघा. वीस मिनिटं टिकला तर बिनधास्त करा. प्रिंटर त्या यूपीएसवर ठेवू नका, लेझर असेल तर नक्कीच नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार. काका, तुमचं चिपचं वाचून रात्री झोप लागली खरं सांगते. उद्या बॅटरी आणते. अजून एक, माझं विंडोज असेंबल करणाऱ्याने टाकलेलं, अपडेट झाल्यावर ते उघडेल ना? फॉन्टचं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायच्या किल्लीवर) आहे, सगळं परत टाकायची वेळ आली तर आठ दिवस जातील.

प्रतिसाद २

हे आधी बघा: रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करा, बायोस मोड लेगसी लिहिलंय की यूईएफआय (विंडोज सुरू करायची जुनी आणि नवी पद्धत)? बायोस अपडेटनंतर सगळी सेटिंग डिफॉल्टला जातात. तुमचं विंडोज लेगसीत टाकलेलं असेल आणि नवीन बायोस फक्त यूईएफआयवर आलं तर विंडोज सापडतच नाही, लोकांना वाटतं डिस्क उडाली. परत सीएसएम (जुन्या पद्धतीचा पर्याय) किंवा लेगसी ऑन केलं की येतं. म्हणून आत्ताच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा, खास करून बूट मोड आणि साटा मोड (डिस्क जोडण्याची सेटिंग). विंडोज ११ ला शेवटी यूईएफआय लागणारच आहे, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी टूल आहे, डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलतं, पण ते नंतर, आणि बॅकअप घेतल्यावरच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर फ्लॅशच्या आधी सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

फ्लॅश झाल्यावर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळी राहते, मशीन आपोआप दोन-तीनदा बंद-चालू होतं, रॅम नव्याने ओळखत असतं ते. बटण दाबू नका, पंखा फिरतोय तोवर हात बांधून बसा. घाबरून तेव्हाच पॉवर काढतात आणि चांगला बोर्ड घालवतात लोक.

प्रतिसाद ३

आणि हे सगळं जुना १२०० लावूनच करायचं, ५६०० डब्यातच राहू दे. फ्लॅशच्या आधी एफ६ दाबून डिफॉल्ट करा, रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगाची सेटिंग) चालू असेल तर तेही जाईल. डोंगल, बाकीच्या यूएसबी काढून ठेवा, फक्त कीबोर्ड, माउस आणि तो एक पेनड्राइव्ह.

धागाकर्ती

अपडेट देते. बॅटरी आणली, रात्रभर चार्ज केली, पिन काढून बघितलं तर सत्तावीस मिनिटं टिकला. बायोस मोड लेगसीच निघाला. बिटलॉकर नव्हतंच. सगळी कामं दोन ठिकाणी कॉपी केली, मग रविवारी सकाळी ऊन पडलं होतं तेव्हा बसले. एम-फ्लॅशची पट्टी पुढे सरकत होती तेव्हा घरात पंख्याच्या बटणालाही कुणाला हात लावू दिला नाही, तसा त्याचा काही संबंध नाही हे माहीत असून.

पट्टी शंभरवर गेली, मशीन बंद झालं आणि मग काळी स्क्रीन. एक मिनिट, दोन मिनिटं, परत बंद, परत चालू. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी नक्की बटण दाबलं असतं. चौथ्या मिनिटाला लोगो आला, नवीन तारीख दिसली. विंडोज सापडलं नाही, फोटो बघून लेगसी ऑन केलं, आलं. डोंगल लावला, फॉन्ट सगळे जागेवर.

आता ५६०० आज लावू का? कूलर कंपनीचाच आहे, २०१७ पासून काढलेला नाही.

प्रतिसाद ३

शाब्बास ताई. सीपीयू मात्र सीझननंतर. सीपीयू आणि कूलरमधली पेस्ट आठ-नऊ वर्षांची आहे, घट्ट झालेली असणार, कूलर सरळ वर ओढला तर सीपीयू सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात, एएम४ मध्ये, म्हणजे तुमच्या सॉकेटात, पिना सीपीयूला असतात म्हणून. कराल तेव्हा आधी पीसी पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करा, बंद करून वायर काढा, मग स्क्रू काढून कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सैल करा, सुटला की मगच वर. नवीन सीपीयूवर पहिल्यांदा एफटीपीएम (सीपीयूतली सुरक्षा-किल्ल्या ठेवायची जागा) बदललंय, वाय दाबा की एन असं विचारेल, बिटलॉकर नाही म्हणालात ना, तर वाय दाबा.

धागाकर्ती

ठीक आहे काका, मग विसर्जनानंतरच. तोवर १२०० वरच दोन मंडळांचे अहवाल काढते, एक तर उद्याच द्यायचाय. कूलर काढायच्या दिवशी इथेच येऊन विचारेन.